पाठीमागची भिंत : औंढा नागनाथाच्या मूर्तींविषयी

डोंगरकड्याहून श्रावणात औंढ्याला निघालेल्या माणसाचा सगळा जीव गाभाऱ्यात असतो. बारीत उभे राहायचे, सभामंडपातून पाऊल पाऊल पुढे सरकायचे आणि मग अंग चोरून अरुंद पायऱ्यांनी खाली उतरायचे. लिंग जमिनीच्या पोटात आहे, जागा चिमुकली आहे. तिथे बेल वाहायचा, कपाळ टेकायचे आणि मागच्याचा रेटा यायच्या आत वर यायचे. या दर्शनाची ओढ खरी आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या भागातली माणसे त्यासाठी बैलगाडीने, पायी, एसटीने औंढ्याला जात आली. प्रश्न पुढचा आहे. वर आल्यावर आपण चपला शोधतो, पोरांना हाका मारतो, पेढ्यांची पुडी घेतो आणि वाहनतळाकडे वळतो. वळताना ज्या भिंतीच्या कडेने चालतो, तिच्यावर देव, देवी, अप्सरा, हत्ती आणि पुराणातले प्रसंग यांची दाटी आहे. काळ्या दगडात, हाताच्या अंतरावर, सातेकशे वर्षे ते उभे आहेत. त्यांच्याकडे कोणी बघत नाही असे नाही. पण कोण कोण आहे हे विचारणारा क्वचित भेटतो आणि सांगणारा त्याहून क्वचित.

या पुस्तकाचा विषय ती भिंत आहे. नागनाथाचे माहात्म्य सांगणाऱ्या पोथ्या आणि पुस्तिका देवळाबाहेरच्या दुकानांत विपुल मिळतात. बारा ज्योतिर्लिंगांतले ‘दारुकावनातले नागेश’ ते हेच, की द्वारकेजवळचे, की उत्तराखंडातले जागेश्वर, हा वादही जुना आहे आणि प्रत्येक ठिकाणच्या भाविकाने तो आपल्यापुरता मिटवलेला आहे. त्यात मी शिरणार नाही. मला सांगायचे आहे ते एवढेच, की या देवळात दर्शन गाभाऱ्यात संपते असे आपण धरून चाललो, त्यामुळे देवळाचा मोठा भाग आपल्याकडून न पाहिलेलाच राहिला. ज्यांनी हे देऊळ रचले, त्यांनी बाहेरची भिंत शोभेसाठी उभी केली नव्हती. आत एकच खूण आहे, निराकाराच्या जवळ जाणारी. बाहेर तोच देव नाना रूपांनी, नाना नात्यांनी, बायकोमुलांसकट उलगडून दाखवला आहे. बाहेरून फिरत आत जायचे, असा तो क्रम होता.

आणि या विशिष्ट देवळाच्या बाबतीत बाहेरच्या, त्यातही पाठीमागच्या भिंतीला एक वेगळा मान आहे. तो नामदेवांमुळे. नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानले जाणारे नरसी आपल्याच हिंगोली जिल्ह्यात. जन्म शके ११९२ चा, म्हणजे १२७० सालचा, असे परंपरा सांगते. त्यांचे गुरू विसोबा खेचर औंढ्याचे. लिंगावर पाय ठेवून निजलेल्या विसोबांची आणि नामदेवांची भेट याच देवळात झाली, असे वारकरी मानतात. दुसरी कथा कीर्तनाची. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना पूजेत अडथळा नको म्हणून पाठीमागे जायला सांगितले, ते मागे गेले, तिथेच टाळ वाजू लागले आणि देवळाने आपले पूर्वेचे तोंड फिरवून पश्चिमेला केले. नंदी समोर नसून पाठीमागे वेगळ्या देवळीत आहे, त्याचे कारण आपल्याकडे पोरालाही असेच सांगता येते. शीख बांधवही ही कथा आपली मानतात. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत आणि देऊळ फिरल्याचा प्रसंग त्यांत आला आहे. औंढ्याला पंजाबातून भाविक येतात ते या नात्याने.

कथा चमत्काराची आहे. पण ज्या दिवशी नामदेवांना मागे जायला सांगितले, त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांसमोर काय होते याचा विचार आपण करत नाही. देवळाच्या पाठीमागे उभा राहणारा माणूस गाभाऱ्याच्या मागच्या भिंतीकडे तोंड करून उभा असतो. त्याला लिंग दिसत नाही, आरती दिसत नाही, पुजाऱ्याची पाठही दिसत नाही. त्याला दिसतात त्या भिंतीवरच्या मूर्ती. आत प्रवेश नाकारलेल्याला देवळाने जे दर्शन राखून ठेवले होते, ते हे.

असे म्हणताना मला एक गोष्ट लपवायची नाही. देवळात कोणाला कुठपर्यंत जाता येत होते, याचा महाराष्ट्रातला इतिहास कडू आहे. चोखोबांना पंढरपुरात देवळाबाहेर राहावे लागले आणि त्यानंतर सहाशे वर्षांनी, १९४७ साली, त्याच देवळाचे दार सगळ्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. बाहेरची भिंत सर्वांचीच होती, असे गोड बोलून तो इतिहास धुता येणार नाही. कित्येकांना भिंतीपर्यंत, आवाराच्या उंबऱ्यापर्यंतही येऊ दिले जात नव्हते. म्हणूनच आज, जेव्हा कोणीही यावे आणि पाहावे अशी मोकळीक आहे, तेव्हा भिंत न पाहता परतणे मला जास्त लागते. ज्यांच्या पूर्वजांना ती पाहू दिली नाही, त्यांच्या मुलांनी ती निवांत, नावानिशी, हक्काने पाहावी, अशी इच्छा या पुस्तकामागे आहे.

आता देवळाविषयी. दगडी भाग यादवकाळातला, तेराव्या शतकातला मानला जातो. हेमाडपंती म्हणून आपण त्याला ओळखतो. हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. आणि अंबरनाथचे शिवमंदिर, जे याच शैलीतले म्हणता येईल, ते शिलालेखानुसार १०६० सालचे. दोनशे वर्षांचे अंतर पाहता ही पद्धत हेमाद्रीने शोधली नव्हती हे उघड आहे. पण मूर्तींच्या बाबतीत त्याचा संबंध खरा आहे. त्याच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या प्रचंड ग्रंथाच्या व्रतखंडात देवदेवतांच्या मूर्ती कशा असाव्यात, हातांत काय असावे, वाहन कोणते, याची वर्णने जुन्या ग्रंथांतून गोळा केलेली आहेत. औंढ्याच्या भिंतीसमोर उभे राहताना त्या काळाच्या एका विद्वानाची टिपणे आपल्या हाताशी आहेत, ही लहान गोष्ट नाही.

खालचा भाग आणि वरचा भाग यांत डोळ्यांना खटकणारा फरक आहे. जोत्यापासून भिंतीच्या माथ्यापर्यंत काळा दगड, कोन काढून तारेसारखा फिरवलेला, बोटभर जागा कोरी न सोडलेला. वर शिखर मात्र विटा आणि चुन्याचे, पांढरे, गुळगुळीत. देऊळ औरंगजेबाच्या काळात पाडले गेले आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला, अशी आपल्याकडची सांगी आहे. मूळ देऊळ सात मजली होते असेही म्हातारी माणसे सांगतात. मूळ शिखर काय उंचीचे होते यापेक्षा मला वाचकाचे लक्ष दुसरीकडे न्यायचे आहे. जीर्णोद्धार करणाऱ्यांनी भंगलेल्या दगडावर चुना थापून तो झाकला नाही, नवा वर चढवला आणि जुना खाली तसाच उभा ठेवला. त्यामुळे आज एकाच देवळात आपल्याला दोन काळ वेगवेगळे ओळखू येतात. हेन्री कझन्सने १९३१ साली प्रसिद्ध केलेल्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरच्या ग्रंथात औंढ्याची नोंद घेतली, तेव्हा हा भाग निजामाच्या राज्यात होता. पुढे डॉ. गो. बं. देगलूरकरांनी मराठवाड्यातल्या मंदिरांचा आयुष्यभर अभ्यास केला आणि इथल्या मूर्तींकडे शास्त्राच्या नजरेने पाहायला अनेकांना शिकवले. त्यांचे ऋण या विषयावर लिहिणाऱ्या प्रत्येकावर आहे.

भिंत वाचायची ती खालून वर. सगळ्यात खाली जोते, त्याचे एकावर एक थर. काही साधे, काही नक्षीचे, कीर्तिमुखांची ग्रासपट्टी, आणि हत्तींची रांग, ज्याला गजथर म्हणतात. औंढ्याचे हत्ती नावाजलेले आहेत. सगळ्या देवळाचा भार त्यांनी उचलला आहे, असा भास शिल्पकाराला हवा होता. लहान मुले मोठ्यांआधी इथेच थांबतात, कारण हत्ती त्यांच्या उंचीला आहेत. मुलांना तिथून ओढून नेऊ नये. हत्तींच्या वर भिंतीचा मुख्य पट्टा, जंघा. इथे उभ्या मूर्ती आहेत, माणसाच्या नजरेला थोड्या वर, म्हणजे पाहणाऱ्याने मान किंचित उचलावी अशा. भिंत सरळ नसून तिला कोन आहेत, आणि प्रत्येक कोनाला दोन-तीन अंगे. त्यामुळे सकाळी जी मूर्ती उजेडात असते ती दुपारनंतर सावलीत जाते आणि शेजारची उजळते. एका फेरीत सगळ्या मूर्ती नीट दिसणे शक्यच नाही. पाहायचे असेल तर कोवळ्या उन्हात एकदा आणि उतरत्या उन्हात एकदा जावे. माथ्यावरच्या उन्हात काळा दगड सपाट दिसतो, त्यातली खोली मरून जाते.

जंघेवर दिशा पाळलेल्या असतात हे एकदा कळले की पाहणे सोपे होते. यादवकाळातल्या शिवमंदिरांचा शिरस्ता असा, की पूर्वेला हत्तीवर इंद्र, आग्नेयेला मेंढ्यावर अग्नी, दक्षिणेला रेड्यावर यम, पश्चिमेला मकरावर वरुण, वायव्येला हरणावर वायू, ईशान्येला नंदीसह ईशान. नैर्ऋत्येच्या निर्ऋतीला माणूस वाहन आणि उत्तरेच्या कुबेराच्या हाती धनाची थैली. शेतकऱ्याच्या पोराला दिशा शिकवाव्या लागत नाहीत. सूर्य कुठे आहे ते पाहून त्याने कोपऱ्यापाशी उभे राहावे आणि मूर्तीच्या पायाशी वाहन शोधावे. दगड झिजला असेल, हात तुटले असतील, तरी वाहनावरून बऱ्याचदा ओळख पटते. उरलेल्यांपैकी बऱ्याच मूर्ती हातातल्या वस्तूंवरून सापडतात. डमरू, त्रिशूळ, कमंडलू, जपमाळ, पाश, अंकुश ही या लिपीची अक्षरे.

शिवाच्या देवळावर विष्णू का, असे पुष्कळजण विचारतात. औंढ्याच्या भिंतीवर दशावतारातले प्रसंग आहेत आणि ते उसने वाटत नाहीत. हरिहरांतला भेद वारकऱ्यांनी बोलून मिटवला, त्याच शतकात पाथरवट तो दगडात मिटवत होते. विष्णूच्या मूर्ती ओळखण्याची एक युक्ती आहे, ती शिकण्यासारखी आहे. चार हात, चार वस्तू: शंख, चक्र, गदा, पद्म. कोणत्या हातात काय यावरून चोवीस नावे ठरतात, कारण चार वस्तूंच्या मांडण्या चोवीसच होतात. मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करून वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा असे फिरायचे. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर तो केशव. संध्येत आचमन करताना घेतली जाणारी चोवीस नावे ती हीच. ग्रंथांत थोडेफार पाठभेद आहेत, पण पद्धत एकच. देवळातल्या मूर्तिशास्त्राला गणिताचा असा कणा आहे हे शाळेतल्या मुलांना सांगितले, तर ती आपसूक भिंतीपाशी जातील.

मात्र या सगळ्या ओळखीपाळखीच्या पलीकडे जाणारी एक जागा औंढ्यात आहे, आणि माझ्या मते ती या भिंतीचे हृदय आहे. एका कोपऱ्यात शंकर रुसलेल्या पार्वतीची समजूत काढतो आहे. गाभाऱ्यात ज्याचे नाव घेताना आपला स्वर खाली येतो, ज्याने विष पचवले, मदन जाळला, गंगा जटेत थोपवली, तो महादेव इथे बायकोपुढे निरुत्तर आहे. तांडव करणारा नटराज याच भिंतीवर आहे. पाथरवटाला भीषण शंकर येत नव्हता म्हणून त्याने मवाळ काढला, असे अजिबात नाही. त्याला दोन्ही काढायचे होते.

मराठी मुलखात या दोघांचा संसार लोकांनी आपल्या घरचा मानला. जात्यावरच्या ओव्यांत शंकर-पार्वतीचे रुसवे आहेत, गंगा आणि गौरीची भांडणे आहेत. वेरूळच्या लेण्यांत दोघे सारीपाट खेळताना कोरले आहेत, एकविसाव्या आणि एकोणतिसाव्या लेण्यात ते पाहता येतात. औंढ्याचा शिल्पकार त्याच वाटेवरचा. पण वेरूळला कैलासावर गणांची दाटी असते, प्रसंग मोठ्या पटावर मांडलेला असतो. औंढ्याला त्याने दोघांनाच एका कोपऱ्यात घेतले. ती निवड मला महत्त्वाची वाटते. रुसवा चारचौघांत काढायचा नसतो, हे त्याला माहीत होते. प्रदक्षिणेला निघालेले एखादे जोडपे सकाळी घरून भांडून आले असेल, तर या कोपऱ्यापाशी दोघांचीही पावले थांबत असतील, असे मला नेहमी वाटते. आपल्या भागातल्या बायकांनी या मूर्तीला हात लावून कपाळाला लावलेला मी पाहिला आहे. शास्त्रात ती पूजेची मूर्ती नाही. लोकांनी ती तशी केली.

तेराव्या शतकातच, फ्रान्समध्ये, रॅंसच्या कॅथीड्रलच्या दर्शनी भागावर एक देवदूत कोरला गेला, जो हसतो. त्याआधीच्या युरोपातल्या चर्चवरचे संत आणि देवदूत गंभीर, ताठ, माणसाकडे न पाहणारे असत. या एका ओठांच्या कडेने तिथल्या शिल्पकलेत माणसाचा भाव शिरला, असे तिकडचे जाणकार मानतात. पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर १९१४ मध्ये, जर्मन तोफांच्या माऱ्याने कॅथीड्रलला आग लागली आणि त्या देवदूताचे डोके खाली पडून फुटले. तुकडे जपून ठेवले गेले आणि १९२६ साली ते डोके जोडून पुन्हा जागेवर बसवले. त्या हसण्याभोवती एका देशाचा जीव गोळा झाला होता. देवदूत आणि पार्वती यांची बरोबरी करायची म्हणून मी हे सांगत नाही. दोघांच्या पाथरवटांनी एकमेकांचे नावही ऐकले नव्हते. पण जवळपास त्याच शतकात, हजारो मैलांवर, देवाच्या भिंतीवर माणसाचा चेहरा उमटवावा असे दोघांना वाटले, आणि तिकडे त्याचे तुकडे वेचणारी माणसे होती. आपल्याकडे रुसलेल्या पार्वतीचा कोपरा कोणता, हे औंढ्यातल्या किती जणांना विचारल्याबरोबर दाखवता येईल?

दगडाविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण त्यावाचून या कामाचे मोल कळत नाही. पॅरिस परिसरातली कॅथीड्रले चुनखडकाची. तो खाणीतून निघताना मऊ असतो. आपला दगड बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजून झालेला. डोंगरकड्याची विहीर खणताना ज्याला सुरुंग लावावा लागतो, तोच. त्या दगडात गळ्यातल्या हाराचे मणी सुटे सुटे दिसावेत, पैंजणाची कडी मोजता यावीत, वस्त्राची चुणी मांडीवर पडावी, हे छिन्नी-हातोड्याने केलेले आहे. भिंतीतले दगड चुन्यावाचून एकमेकांत खाचा-खुंट्यांनी बसवलेले आहेत. चूक झाली तर लिंपून झाकता येत नव्हती.

या कारागिरीचे सगळ्यात मोकळे रूप सुरसुंदरींत, म्हणजे भिंतीवरच्या अप्सरांत, दिसते. या धाटणीच्या मंदिरांवर त्या सर्वत्र आहेत. कोणी आरशात पाहते, कोणी पत्र लिहिते, कोणी मूल कडेवर घेतले आहे, कोणाचे वस्त्र माकड ओढते. होट्टलला, निलंग्याला, धर्मापुरीला, आपल्या आसपासच्या सगळ्या जुन्या देवळांवर त्यांची भावंडे आहेत. घरच्या लेकी-सुनांसोबत आलेला माणूस या मूर्तींपाशी जरा भरभर चालतो. त्याची काही गरज नाही. तेराव्या शतकातला समाज काय लेवत होता, केस कसे बांधत होता, बाईच्या हातात लेखणी असणे त्याला नवल वाटत नव्हते, याची साक्ष लिखित इतिहासात जितकी मिळते त्याहून अधिक इथे मिळते. राजांचे ताम्रपट जमिनी आणि वंशावळ सांगतात; बाईने आरसा कसा धरला हे सांगायला कोणता ताम्रपट आहे?

पुष्कळ मूर्ती भंगलेल्या आहेत. नाके, हात, कुठे पूर्ण चेहरा. भग्न मूर्ती पूजू नये या शास्त्रवचनाचा अर्थ आपण भग्न मूर्तीकडे पाहूच नये असा करून घेतला, आणि त्यामुळे गावोगावी देवळाच्या मूर्ती विहिरीत, नदीत, लिंबाच्या पारावर गेल्या. पॅरिसच्या नोत्रदामवर दर्शनी भागात ज्यू राजांच्या २८ मूर्तींची रांग होती. १७९३ साली क्रांतिकारकांनी ते फ्रान्सचे राजे समजून त्यांची डोकी उडवली. ती गेली ती गेलीच, असे सगळे धरून चालले. १९७७ साली एका बँकेच्या आवारात खोदकाम चालू असताना त्यांतली २१ डोकी मातीत सापडली. कोणीतरी ती नीट रचून पुरली होती. आज ती संग्रहालयात आहेत, फुटक्या नाकांसह, आणि त्यांच्यापुढे लोक तासन्‌तास बसतात. कॅथीड्रलवर नव्या मूर्ती केव्हाच बसल्या होत्या, पण जुन्या डोक्यांचा मान कमी झाला नाही. तुटलेल्या मूर्तीला पूजेत जागा नसेल, स्मृतीत आणि शिक्षणात ती असलीच पाहिजे. आपल्याकडे रागाच्या भरात मूर्ती कोणी फोडली यावर जितके बोलले जाते, त्याच्या निम्म्यानेही फुटलेल्या मूर्तीत काय उरले आहे यावर बोलले जात नाही. हे पुस्तक दुसऱ्या गोष्टीवर बोलते.

फोडणारे हात गेले. आता मूर्तींना धोका आहे तो प्रेम करणाऱ्या हातांपासून. तेल, शेंदूर, दुधाचे शिंतोडे, उदबत्तीची काजळी, भक्तिभावाने मारलेला ऑइल पेंट. बेसाल्ट टणक आहे म्हणून त्याचे काही बिघडत नाही, हा समज चुकीचा आहे. तेलाचा थर बसला की धूळ धरते, दगडाचा श्वास कोंडतो, पावसाळ्यात आत शिरलेले पाणी बाहेर यायला वाट मिळत नाही आणि उन्हाळ्यात बेचाळीस अंशांत पापुद्रे सुटतात. फटी सिमेंटने भरणे त्याहून वाईट. सिमेंटमधले क्षार दगडात उतरतात. साफसफाईच्या नावाखाली जोरदार वाळूचा फवारा मारला, तर सातशे वर्षांचे कोरीव काम एका दुपारी बोथट होते. गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेचे उदाहरण जवळचे आहे. १९५० च्या दशकात तिचा चुन्याचा गिलावा, जुने रूप दिसावे म्हणून, काढून टाकला गेला. उघडा पडलेला जांभा तेव्हापासून पाऊस खातो आहे. तिच्या दर्शनी भागावरचे कोरीव काम मात्र बेसाल्टचे, वसईहून नेलेले, म्हणजे आपल्याच दगडाच्या जातीचे. ते जास्त टिकले, पण शेजारचा जांभा ढासळला तर ते तरी कशाच्या आधाराने राहणार? सद्‌हेतूने केलेली एक दुरुस्ती पुढच्या सत्तर वर्षांची डोकेदुखी होते, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

महाशिवरात्रीनंतर पाचव्या दिवशी औंढ्याचा रथ निघतो आणि देवळाला पाच फेऱ्या घालतो. तेव्हाची गर्दी पाहिलेल्याला सांगायला नको, की माणसांचा तेवढा लोट भिंतीला घासून गेला तर काय होते. हाताच्या उंचीवरच्या मूर्तींचे गुडघे आणि हत्तींची गंडस्थळे चकचकीत झाली आहेत ती अशाच स्पर्शांनी. गर्दी थांबवा असे कोण म्हणेल? रथ फिरलाच पाहिजे. पण फेरीची वाट भिंतीपासून दोन हात लांब आखता येते, कठडा बसवता येतो, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक मूर्तीची आज काय अवस्था आहे याची छायाचित्रांसह नोंद ठेवता येते. नोंद असली, तर पाच वर्षांनी काय बिघडले ते कळते. ती ठेवायला मोठा निधी लागत नाही. डोंगरकडा, कळमनुरी, वसमत, जवळच्या शाळा-महाविद्यालयांतली मुले, हातातला मोबाइल आणि एक शिस्तशीर वही एवढ्यावर ते काम सुरू होऊ शकते. १९९९ च्या महाराष्ट्र दिनी आपला जिल्हा परभणीतून वेगळा झाला. जिल्ह्याची ओळख म्हणून आपण हळद सांगतो, केळी सांगतो, नामदेव सांगतो. त्यांच्याबरोबर या भिंतीचा आलेख तयार झाला, तर तो पुढच्या अभ्यासकांना कितीतरी उपयोगी पडेल.

पुस्तकाची मांडणी प्रदक्षिणेच्या क्रमाने केली आहे, वर्णानुक्रमाने नाही. वाचकाने पुस्तक उघडून भिंत उजव्या हाताला ठेवून चालायला लागावे. ज्यांना शिवमंदिरात सोमसूत्र, म्हणजे अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारी पन्हळ, न ओलांडण्याचा नेम पाळायचा असतो, त्यांनी तिथून परत फिरावे. परतताना तीच भिंत उलट बाजूने दिसते आणि कोनांच्या आडोशाला असलेल्या, जाताना नजरेतून निसटलेल्या मूर्ती समोर येतात. अशा मूर्ती प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वेगळ्या दिल्या आहेत. ‘डावा’ आणि ‘उजवा’ हे शब्द सर्वत्र मूर्तीच्या बाजूने वापरले आहेत, पाहणाऱ्याच्या बाजूने नाहीत. मूर्तीचा उजवा हात पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो, हे सुरुवातीला गोंधळात टाकते, पण दोन-चार मूर्तींनंतर सवय होते. जिथे ओळख पक्की आहे तिथे नाव दिले आहे. जिथे हात किंवा आयुध तुटल्याने ती पटत नाही, तिथे फक्त जे दिसते त्याचे वर्णन आहे आणि नावाची जागा कोरी सोडली आहे. वाचकाला तिथे एखादी खूण सापडली, मकराची शेपटी, नंदीचे वशिंड, चक्राची कड, तर त्याने ती पेन्सिलीने समासात लिहावी. समास त्यासाठीच रुंद ठेवले आहेत.